गाडीचं दुखणं : मॅनिफोल्ड घरीच खोलू का?

प्रश्न : काका नमस्कार, मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. बाबांची 2005 ची एस्टीम आहे, विकायची नाही हा बाबांचा हट्ट आणि सांभाळायची मी. गेला महिनाभर सिग्नलला उभी असली की आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) 1400-1500 आरपीएमवर जाऊन राहतं, मधेच खाली येतं, परत चढतं, बॉनेट उघडलं की सूं सूं आवाज. गॅरेजवाला म्हणतो इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या फाटेदार नळीचं, पॅकिंग गेलंय. मला ते स्वतः करून बघायचंय. आजवर प्लग आणि एअर फिल्टर बदललेत, पुढचा अनुभव शून्य. आई म्हणते पोर्चमध्ये गाडी उघडी पडून राहील आणि शेवटी टो करूनच न्यावी लागेल. जमेल का?

उत्तर : जमेल भिया, पण आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. अशा गाड्या मी पोर्चात पाहिल्यात, वर चादर टाकलेली, नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यात.

आधी पॅकिंगच गेलंय का ते बघा. सूं सूं म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय, पण ती पॅकिंगमधूनच असं नाही. मॅनिफोल्डला पाचसहा रबरी पाइप लागलेले असतात, ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ परत आत नेणारा), बाकी बारीक व्हॅक्यूमचे, आणि माळव्यातल्या उन्हाळ्यात वीस वर्षं बॉनेटखाली शिजून ते पापडासारखे होतात. एकेक वाकवून बघा, चिर दिसेल. मग कपड्यांना इस्त्री करताना वापरतो ती पाण्याची स्प्रे बाटली घ्या, इंजिन चालू ठेवा आणि मॅनिफोल्ड हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, जिथे भेटतं त्या सांध्यावर थोडं थोडं मारत जा, वायर आणि फिरता पट्टा सांभाळून. जिथे पाणी पडल्यावर आयडल क्षणभर बदलेल तिथे गळती. कार्ब क्लीनर मारून पण बघतात, पण तो पेटतो, घरी नको. दोष पाइपचाच निघाला तर पन्नास-शंभरात काम, मॅनिफोल्डला हातही लावू नका.

पॅकिंगच असेल तर खोलायच्या आधी सामान आणून ठेवा : मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटल बॉडीचं (मॅनिफोल्डच्या तोंडाशी हवा कमीजास्त करणारा भाग) पॅकिंग, पेट्रोल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरच्या ओ-रिंग, दोनचार होज क्लॅम्प. सॉकेट 10, 12 आणि 14 नंबर, एक लांब एक्स्टेन्शन, सियागंजमध्ये मिळतील. शनिवारी सकाळी पोहे खाऊन बसा. रविवारी सुरू कराल आणि काहीतरी तुटेल तेव्हा दुकान बंद असेल.

इंजिन पूर्ण गार हवं. पेट्रोलच्या लाइनमध्ये साधारण 3 बार प्रेशर असतं, तसाच पाइप काढला तर फवारा थेट डोळ्यात. म्हणून फ्यूएल पंपचा रिले किंवा फ्यूज काढून गाडी चालू करा, ती आपोआप बंद पडेल, मग दोनतीन सेल्फ मारा, टाकीचं झाकण सैल करा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरी थोडं पेट्रोल सांडतंच, पाइपखाली चिंधी धरा. आणि हो, पोर्चात तुळशीपुढे संध्याकाळी दिवा लागत असेल तर त्या दिवशी आईला आत लावायला सांगा, गॅस गीझरही बंद. हे मी गमतीत सांगत नाहीये.

थ्रॉटल बॉडीपर्यंत कूलंट येतं, म्हणून रेडिएटरमधून थोडं खाली तसराळ्यात काढून घ्या. उघडं ठेवू नका, ते गोडसर लागतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात.

एकही पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो, तीन बाजूंनी. मग प्रत्येक पाइपला आणि वायरच्या प्लगला मास्किंग टेपची चिठ्ठी, दोन्ही टोकांना तोच आकडा. लक्षात राहील असं वाटतं, पण दुपारी चारला काहीही लक्षात राहत नाही. इंजेक्टर एकेक उपटत बसू नका, ते ज्या नळीवर बसवलेले असतात त्या रेलसकट एकत्र उचला.

आता नवशिके अडकतात ती जागा. वरचे सगळे नट काढले, मॅनिफोल्ड हलतंय पण सुटत नाही. मग माणूस पेचकस घालून उचकटतो आणि ॲल्युमिनियमच्या तोंडावर चरा पाडतो, म्हणजे नवीन पॅकिंग घालूनही हवा तिथूनच शिरणार. मॅनिफोल्डला खालून इंजिन ब्लॉकवर टेकवणारी एक पट्टी असते, तिचा बोल्ट वरून दिसतच नाही, हात खाली घालून चाचपडावा लागतो, कधी एक असतो कधी दोन. एखादी वायर किंवा अर्थिंगही मागे अडकलेली असते. हलतंय पण येत नाही म्हणजे काहीतरी राहिलंय, जोर लावायचा नाही, टॉर्च घेऊन खाली बघायचं. नट ज्यावर बसतात त्या गंजलेल्या स्टडवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करा.

मॅनिफोल्ड निघाल्या निघाल्या हेडची भोकं स्वच्छ फडक्याने बंद करा, आणि चार फडकी कोंबली तर चारच निघाली का हे मोजा. मी सांगतोय कारण माझ्या हातून एकदा वॉशर आत गेला होता. नशीब तो लोखंडी होता आणि व्हॉल्व्हवरच अडकला, मॅग्नेटवाल्या काडीने दोन तासांनी निघाला, तोवर मला हेड खोलायचा खर्च डोळ्यांसमोर दिसत होता.

जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने, जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याची कच आत जाऊन सिलेंडर खाते. स्टीलची पट्टी आडवी ठेवून तोंड सपाट आहे का बघा. नवीन पॅकिंग कोरडंच लावायचं, गॅरेजवाले काळा गम थापतात, मला तो पटत नाही, जास्तीचा गम आत ओढला जातो. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट. आवळताना उलटं, मध्यातून कडेला, दोनतीन फेऱ्यांत. 12 नंबरच्या नटला बहुतेक 20 ते 25 न्यूटन-मीटर लागतं, पण तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंच मागून आणा, ॲल्युमिनियममधले आटे गेले की रडायची वेळ.

सेल्फ मारायच्या आधी रिले लावून, बॅटरी जोडून इग्निशन दोनतीनदा नुसती ऑन करा आणि पेट्रोल कुठे पाझरतंय का ते बघा. कूलंट भरून हीटर लावून हवा काढा. बॅटरी काढल्यामुळे पहिले काही मिनिटं आयडल थोडं वरखाली होईल.

प्रश्न : (सुदामानगरहून) माझं मॅनिफोल्ड काढलंय, आतून काळं कुट्ट चिकट झालंय. रॉकेलने धुऊ का?

उत्तर : तो काळा चिकटा पीसीव्हीतून येणारी ऑइलची वाफ. ॲल्युमिनियमचं असेल तर रॉकेल आणि ब्रश चालेल, प्लास्टिकचं असेल तर साबणाचं कोमट पाणी बरं. सेन्सर आधी काढा, ते धुवायचे नाहीत. नंतर साध्या पाण्याने खळखळून उन्हात पूर्ण वाळवा. आणि ब्रश बाथरूममधला उचलू नका, एकाने तसं केलं होतं, त्याच्या घरी आठवडाभर बोलणं बंद होतं.