नोकरीसाठी सांगलीत आलोय. इथल्या लहान चर्चमध्ये मन लागत नाही. रविवारची उपासना मोबाईलवर पाहिली तर चालेल का? आणि इथले ख्रिस्ती लोक शनिवार-रविवार करतात तरी काय?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही जे चार ओळींत लिहिलंय, त्यातलं एक वाक्य मला लागलं. "इथे अजून पेटी-तबल्यावर भजनं म्हणतात, चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतच नाही." मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो आणि गेली सव्वीस वर्षं सांगलीतल्या अशाच एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतो. म्हणून आधी पेटीचं, मोबाईलचं मग.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी गावभागात तळमजल्यावर राहतो. त्याच्या आधीच्या रविवारी मी चर्चची पेटी घरी आणली होती, कारण भात्यातून वारा जात होता आणि चामडं नव्याने चिकटवायचं होतं. नदी वाढायला लागली तेव्हा आईला आधी मिरजेला बहिणीकडे सोडलं. निघताना पेटी टेबलावर ठेवली, टेबलावर आधी लोखंडी ट्रंक आणि त्यावर पेटी. २००५ च्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं होतं, त्या हिशेबाने दोन हात वर ठेवली. या वेळी पाणी २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त चढलं.

आठवड्याने घर उघडलं तेव्हा पेटी दाराशी उलटी पडलेली होती. गाळाने भरलेली. पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या, भात्याच्या घड्या सुटून पुठ्ठ्याचा लगदा झालेला. घरातलं सगळंच गेलं होतं, गादी, फ्रिज, मुलाची पुस्तकं. पण ती पेटी माझी नव्हती, मंडळीची होती. माझ्या आजोबांच्या वेळेपासून ती त्या वेदीशेजारी होती. मी त्या दिवशी आधी ती पुसली, मग घर.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या पुढच्या सभेत माझ्या मेहुण्याने विषय काढला. तोही पंच आहे, प्रामाणिक माणूस आहे, हेही सांगतो. म्हणाला, "दाजी, आता तरी सोडा की ती पेटी. गेली ती देवाच्याच इच्छेनं गेली. कीबोर्ड घेऊ, तरुण पोरं येतील. बाहेरून येणाऱ्याला वाटतं आपण देवळातल्या भजनी मंडळात बसलोय." तुमचं वाक्य आणि त्याचं वाक्य जवळपास एकच. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नव्हतं. आज देतो.

भजनी ठेका हा मराठी माणसाचा आहे, कुण्या एका धर्माच्या नावावर लावलेला सातबारा नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आयुष्यभर ओवी आणि अभंगात गीतं लिहिली. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेले मराठी शब्द लोकांच्या गळ्यात उतरत नव्हते, हे त्यांना दिसत होतं. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं करत. म्हणजे पेटी-तबल्यावर प्रभूचं नाव घेणं हा लहान गावातला मागासपणा नाही, तो शंभर वर्षांहून जुना, विचार करून घेतलेला निर्णय आहे. आणि तो आपल्याच माणसांनी घेतला. पूर आला त्याच २०१९ मध्ये टिळकांना जाऊन १०० वर्षं झाली होती. हे मी सभेत सांगायला हवं होतं. राहून गेलं.

सभेत कीबोर्ड घ्यायचं ठरलं. पेटी मी स्वतःच्या खर्चाने मिरजेला नेली.

मिरजेची सतारमेकर गल्ली पाहिली नसेल तर एका शनिवारी जाच. तिथली जुनी घराणी मूळची शिकलगार, हत्यारं घडवणारी. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ती सतार-तंबोऱ्याकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भागात पेटी दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेटी उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "मास्तर, लाकूड गेलंय. सूर वाचतील."

सूर म्हणजे पेटीच्या आत वाऱ्याने वाजणाऱ्या पितळी पत्त्या. आमची पेटी खर्ज-नर, म्हणजे खालचा आणि वरचा, अशी दुहेरी सुरांची, ३७ पट्ट्या, म्हणजे ७४ सूर. पितळ कळंकून हिरवं पडलं होतं. चाचांनी सगळे सूर काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, डावीकडे खर्ज, उजवीकडे नर. मग एकेक उचलायचा, पत्तीखालून पातळ कागद सरकवून गाळ काढायचा, तोंडाजवळ धरून फुंकून बघायचा. सूर उतरला असेल तर पत्तीच्या टोकाला कानस एकदाच, हलकी. चढला असेल तर मुळाशी. एका सुराला कधी दहा मिनिटं, कधी तासभर. मी दर शनिवारी यार्डातून सुटलो की तिकडे जाऊन बसायचो. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुमची पट्टी पांढरी चारच ना? चर्चातल्या बायका त्याच्यावर जात नाहीत." पांढरी चार म्हणजे जिला सा धरून आम्ही गातो ती पट्टी. बरोबर होतं. त्यांच्या वडिलांनीही हीच पेटी एकदा लावून दिली होती.

या पाच महिन्यांत चर्चमध्ये पेटी नव्हती. कीबोर्ड आला, पण तो वाजवणाऱ्या मुलाची कॉलेजची परीक्षा असायची, कधी वीज जायची. मग तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या सिस्टरबाई सूर धरायच्या. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभ्या केलेल्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. वय ऐंशीच्या पुढे, आवाज कापरा. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला की क्षणभर शांतता. मग बाईंचा आवाज, मग तबला, मग आम्ही सगळे. जानेवारीत पेटी परत आली. पहिल्या रविवारी मी मुद्दाम आधी सूर दिला नाही, बाईंना सुरुवात करू दिली आणि हळूच पट्टी दाबून पाहिली. पांढरी चार. पाच महिने त्या बाईंनी शंभर माणसांना वाद्याशिवाय त्याच पट्टीत धरून ठेवलं होतं.

हे मोठ्या चर्चमध्ये मिळत नाही. तिथे तुम्ही नसलात तरी आवाज तितकाच येतो. इथे तुम्ही आला नाहीत तर त्या बाकावर एक आवाज कमी पडतो आणि तो मला पेटीवरून ऐकू येतो. तुमचं मन लागत नाही कारण तुम्ही मागच्या बाकावर बसून बघताय. गात नाही आहात.

आता दुसरा प्रश्न, आम्ही करतो काय. शनिवारी संध्याकाळी सहाला गीतांचा सराव. त्याआधी कुणीतरी सतरंज्या झटकतं, कुणी वेदीवरच्या फुलदाणीत निशिगंध ठेवतं. सराव संपला की भडंग, वरून बारीक कांदा, कोथिंबीर, आणि चहा. रविवारी उपासना, मुलांची शब्बाथ शाळा (बायबलच्या गोष्टींचा वर्ग), मग दारात पाऊण तास उभं राहून गप्पा. ज्याचा मुलगा पुण्याला आहे त्याची चौकशी, जिचं ऑपरेशन झालं तिच्या घरी दुपारी कोण जाणार याची ठरवाठरवी. घरी मटण. आमच्याकडे खोबरं शनिवारी रात्रीच भाजून वाटून ठेवतात, म्हणजे उपासनेत कुणाचं लक्ष घड्याळाकडे जात नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मात्र मटण बंद. संध्याकाळी आयर्विन पुलावर फेरी. पूल १९२९ चा आहे, पाणी शांत असलं की तिथला वारा छान लागतो. महिन्यातून एखादे वेळी बायको-मुलाला घेऊन नृसिंहवाडीला कवठाची बर्फी आणायला जातो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मी रात्रभर बसतो. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे. यातलं काही मला माझ्या विश्वासाच्या आड येताना दिसलं नाही.

आणि कापणीचा सण चुकवू नका. आमच्याकडे तो फेब्रुवारीत असतो. तासगावकडची मंडळी द्राक्षांच्या पेट्या आणतात, कुणी उसाची मोळी, कुणी ओल्या हळदीचे गड्डे, कुणी अंडी, कुणी पाय बांधलेली कोंबडी. सगळं वेदीपुढे. उपासनेनंतर अंगणात लिलाव. यंदा एका विधवा बाईंनी परसातली एकच पपई आणली होती. पाचशेला गेली. घेणाऱ्याने ती परत टेबलावर ठेवली, "पुन्हा बोला." पुन्हा गेली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा माझ्या मेहुण्याने घेतली आणि त्या बाईंच्याच पिशवीत घातली. हे पडद्यावर कसं दिसणार, मला सांगा.

मोबाईलबद्दल माझं मत सरळ आहे. धडधाकट माणसाने मंडळी दोन किलोमीटरवर असताना पलंगावर बसून उपासना बघू नये. पण रात्रपाळी करून आला असाल, ताप असेल, तर बघा, त्यात पाप नाही. २०२१ मध्ये सिस्टरबाई गेल्या तेव्हा दफनाला वीसच माणसांची परवानगी होती. मी पेटी कबरस्तानात नेली, जमिनीवर बसून वाजवली. बाकीची मंडळी माझ्या मुलाने धरलेल्या फोनवरून आपापल्या घरी गात होती, माझी आईसुद्धा. त्या फोनला मी नावं ठेवणार नाही. कीबोर्डलाही नाही. तो आता माझाच मुलगा वाजवतो, नाताळात करोल घेऊन घरोघर फिरताना तोच बरा पडतो, आणि पोरंही त्यामुळे आली, हे मेहुण्याचं म्हणणं खरं ठरलं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्यासाठी पेटी टाकून द्यायची गरज नव्हती.

तुम्ही कोणत्या पंथाचे ते लिहिलेलं नाही. कॅथलिक असाल तर मिस्साच्या वेळा आणि रीत वेगळी, तुमच्या फादरना भेटा; मी लिहिलंय ते आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीचं. मराठी कच्चं असेल तर गीतांचं पुस्तक माझ्याकडे जास्तीचं आहे, मोठ्या अक्षरांचं. इथे निरोप टाका, पत्ता कळवतो. उपासना साडेनऊला असते. नऊला आलात तर कपाटातून पेटी उतरवायला मला एक हात हवाच असतो, आणि बसायला तिसरा बाक मोकळा आहे.