वारीतले ते आजोबा तुझ्या पाया का पडले

प्रिय चिऊ,

परवा गाडीत तू विचारलंस, "आई, फलटणला ते आजोबा माझ्या पाया का पडले? मी तर काहीच केलं नव्हतं." मी घरी गेल्यावर सांगते म्हटलं. घरी येऊन तू परत विचारलंस आणि वर आणखी एक जोडलंस, "त्यांना खरंच माझ्यात काही दिसलं, की सगळे करतात म्हणून ते पण करतात?" हा दुसरा प्रश्न मला लागला. तोंडी उत्तर द्यायला गेले तर मी एक तर भाषण करते नाही तर चिडते, म्हणून लिहितेय. मराठीत लिहितेय. अडलं तर बाबाला विचार. त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे असं त्याचं म्हणणं आहे.

त्या दिवशी नक्की काय झालं ते तुला कदाचित माझ्याइतकं आठवत नसेल. बापूमामाच्या दारात आपण वारकऱ्यांना पाणी देत होतो. त्या आजोबांनी तुझ्या हातून पेला घेतला, पाणी प्यायले, पेला परत दिला, गळ्यातले टाळ एका हाताने छातीशी धरले आणि वाकून तुझ्या बुटांना हात लावला. तू इतकी दचकलीस की मागे सरकताना कळशी आडवी केलीस. ते "माउली" म्हणाले आणि दिंडीत मिसळून गेले. मामा खो खो हसला. तू मात्र दिवसभर बूट काढून अनवाणी फिरलीस. ते मी पाहिलं होतं, बोलले नाही.

इथे शाळेत तुम्हाला शिकवतात की मान मिळवावा लागतो. वाईट नाही ते. नुसतं वय झालं म्हणून मान मागणारे काका-मामा मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांच्यापुढे वाकताना लहानपणी माझ्या कपाळावर आठ्या असायच्या. पण वारीतलं ते वाकणं त्या जातीचं नाही. तिथे वयाने मोठा असलेला माणूससुद्धा लहानाच्या पाया पडतो, आणि समोरच्यानेही पडायचं असतं. तू उलट त्यांच्या पाया पडली असतीस तर हिशेब पुरा झाला असता. पण तुला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही.

आमचं जुनं घर पालखीच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होतं. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला आली की एक दिंडी आमच्याकडे उतरायची. सोप्यात, अंगणात, गोठ्याच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे माणसं. पेरूच्या झाडावर ओली धोतरं, दोरीवर नऊवारी लुगडी, आणि सगळीकडे अमृतांजनचा वास. जिजी पिठल्याचं पातेलं चढवायची, भाकऱ्या गल्लीतल्या बायका थापून आणायच्या. आबा साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. घरात स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा घेत नसत. पण त्या रात्री ते खोबरेल तेल कोमट करून घ्यायचे आणि ओळीने बसलेल्या वारकऱ्यांच्या तळपायांना चोळायचे. त्या भेगा मी जवळून पाहिल्यात, कारण कंदील धरायचं काम माझं. काही भेगांमध्ये खडीचा कण अडकलेला असायचा. आबा तो नखाने काढायचे आणि मग त्याच हाताने नमस्कार करायचे.

आणखी एक गोष्ट मी तिथेच पाहिली. दिंडीत विणेकरी असतो. त्याच्या गळ्यातली वीणा खाली ठेवत नाहीत. एक दमला की दुसरा घेतो, पण ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहते. देताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. एका वर्षी पहाटे आमच्या अंगणात वीणा हातोहात गेली, तेव्हा देणारे होते दिंडीतले सगळ्यात वयस्कर बुवा आणि घेणारा होता दहावीत नापास झालेला एक मुलगा. नापास झालोय हे त्याने आदल्या रात्री स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कोण कमी वाकतं ते मी टक लावून बघत होते. दोघेही सारखेच वाकले.

आबा तत्त्वज्ञान सांगणारे नव्हते. फार तर ज्ञानेश्वरीतली एक ओवी म्हणायचे, "जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत." 1290 साली लिहून झालेल्या ग्रंथातली ती ओवी आहे. समोर जो येईल तो देव समज, एवढीच ती गोष्ट. चांगला असेल तर, हुशार असेल तर, आपल्यातला असेल तर, अशी एकही अट तिला जोडलेली नाही. म्हणून तू काही केलं नव्हतंस हेच बरोबर आहे, चिऊ. तू काही केलं असतंस तर त्यांनी नुसते आभार मानले असते.

इथवर लिहिताना मला बरं वाटत होतं. आता पुढचं.

पालखी पुढे गेल्यावर पाच-सहा दिवसांनी आमच्या दारात केरसुण्या विकणारी बाई यायची. जिजी तिच्याकडून केरसुणी घ्यायची, पण आधी ती जमिनीवर ठेवायला लावायची, तिच्यावर पाणी शिंपडायची आणि मग उचलायची. पैसे वरून टाकायची. भाकरीही वरून. ती बाई पदर पसरून खाली उभी असायची. कधी पालखीच्याच दिवशी ती वारकऱ्यांच्या घोळक्यात आली असती, कपाळाला बुक्का लावून, तर जिजीने तिला पंगतीत वाढलं असतं, आणि कदाचित तिच्या पायाही पडली असती. मी नऊएक वर्षांची असेन. मी विचारलं, "जिजी, ही पण माउलीच ना?" जिजी म्हणाली, "वारी झाली आता. जा, पाढे म्हण."

आबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

पुढे जिजी बदलली असं सांगून तुला खूश करता आलं असतं. तसं काही झालं नाही. ती फार मायाळू होती आणि शेवटपर्यंत तशीच होती, दोन्ही बाबतींत.

तुकोबांचा एक अभंग आहे, पंढरपूरच्या वाळवंटाचा, म्हणजे चंद्रभागेच्या वाळूचा. "वर्णअभिमान विसरली याती, एकएकां लोटांगणीं जाती." जात विसरून लोक एकमेकांपुढे आडवे होतात असं त्यात आहे, आणि ते खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण थोड्याच पावलांवर देऊळ होतं, आणि तिथे चोखोबांना, म्हणजे संत चोखामेळ्यांना, अस्पृश्य म्हणून आत जाता येत नव्हतं. मंगळवेढ्याचा हा माणूस. ऊस वाकडा असला म्हणून रस वाकडा नसतो, वरच्या रंगाला काय भुलतोस, असं विचारणारा अभंग त्याचा. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तो गेला, नामदेवांनी त्याची हाडं पंढरपूरला आणली असं सांगतात. समाधी आहे महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ. त्याच्या माणसांना आत जायला पुढे 600 हून जास्त वर्षं लागली. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठे दार उघडलं. या सगळ्या वर्षांत त्याच वाळूत माणसं दर आषाढीला एकमेकांच्या पाया पडतच होती. "वारी झाली आता" हे काही एकट्या जिजीचं वाक्य नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

तू पाणी देत होतीस म्हणून आणखी एक सांगते. महाडला चवदार तळं आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेही आपलं तळं कागदावर खुलं केलं होतं. कागदावरचं पाणी कुणाला पिता येत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तिथे गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली. ज्या महाराष्ट्रात समोरचा प्रत्येक जण देव म्हणून वाकतात, त्याच महाराष्ट्रात. हे दोन्ही तुला एकाच पत्रात सांगायचं म्हणजे माझी पंचाईत आहे, पण एक सांगून दुसरं गाळलं तर तू पुढेमागे वाचशीलच, आणि मग माझ्या पहिल्या सांगण्यावरही विश्वास ठेवणार नाहीस.

पुण्याला वसतिगृहात माझी एक मैत्रीण होती, नागपूरची. तिच्या घरच्यांनी 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली. एकदा मी तिला मोठ्या कौतुकाने आबांची ती ओवी ऐकवली. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यात देव आहे म्हणून तू मला मान देणार? आणि नसला तर?" बुद्धाचा धम्म आत्मा मानतच नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. आत काही अमर वगैरे नसलं तरी माणसाची किंमत तेवढीच, आणि ती मागायची नसते, असं तिचं सरळ म्हणणं. मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत "व्यक्तीची प्रतिष्ठा" असे शब्द आहेत. त्या व्यक्तीच्या आत कोण बसलंय याची चौकशी तिथे नाही. मला वाटतं, जिजीच्या दारातल्या त्या बाईला ओवीपेक्षा हे दोन शब्द जास्त उपयोगाचे होते. मग वाटतं, नुसते शब्दच असते तर आबांनी कुणाच्या टाचेतला खडा काढला असता का? मी अशी मागेपुढे होत राहते.

गाडगेबाबा मला म्हणूनच फार आवडतात. खराटा घेऊन गाव झाडायचे, संध्याकाळी त्याच गावात कीर्तन करायचे, आणि कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधली तीही चोखामेळ्याच्या नावाची. वाकणारे आबा आणि वाकू न देणारे गाडगेबाबा एकाच गोष्टीबद्दल बोलत होते असं मला वाटतं. बाबाला ते पटत नाही. त्याच्या मते मी सगळ्यांना एका पंगतीत बसवते.

आता तुझा दुसरा प्रश्न. खरंच वाटतं, की सवय? त्या आजोबांचं मला माहीत नाही. दिवसभरात ते शंभर जणांपुढे वाकले असतील, शंभरही वेळा आत काही हललं असेल असं नाही. पण तुमची हॉकीची मॅच संपली की दोन्ही टीम ओळीने हात मिळवतात ना? ज्या मुलीने तुला ढकललं तिच्याशीसुद्धा. दर वेळी मनापासून मिळवतेस? तरी कोच ते चुकवू देत नाही, आणि मला वाटतं बरोबर करतो. सवय नसती तर ज्या दिवशी मनात काहीतरी येतं त्या दिवशी हाताला काय करायचं तेच कळलं नसतं. हे माझं मत, बरं का. उलटही असू शकतं. सवयीमुळेच जिजीला तो प्रश्न पडला नसेल. वर्षातून एकदा वाकून घेतलं की बाकीचे दिवस मोकळे. हल्ली पुढारीही वारीत येऊन फुगडी घालतात. शेजारी कॅमेरा असतो.

तू कुणाच्या पाया पडावंस असं मी म्हणत नाही. दिवाळीला आजीच्या पडतेस तेवढं पुरे, तेही तिला आवडतं म्हणून. मी देवळात जात नाही हे तू बघतेस. माळ घातली नाही, एकादशी धरत नाही, अभंगही आंघोळ करताना म्हणते तेवढेच. तरीही कुणी तुझ्या बुटांना हात लावला तेव्हा माझ्या घशात काहीतरी आलं. आपल्या मुलीच्या मार्कांची, रंगाची, पासपोर्टची, कशाचीही चौकशी न करता एक माणूस तिच्यापुढे वाकला. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण प्रत्येक दारात आपण कोण, कुठले, काय करता हे आधी सांगावं लागतं, त्याची मला अजून सवय झालेली नाही.

बापूमामा रविवारी फोन करेल तेव्हा त्यालाही हा प्रश्न विचार. तुला माहीत नसेल, पण त्याची आणि शंकरमामाची बांधावरून कोर्टात केस चालू आहे, तीन फूट जमिनीसाठी. दोघे एकाच दिंडीत चालतात. रोज रात्री हरिपाठ झाला की एकमेकांच्या पाया पडतात, आणि वारी संपली की तारखेला वेगवेगळ्या मोटारसायकलींवरून कोर्टात जातात. वाकताना शंकरमामात काय दिसतं, असं मी एकदा विचारलं तर तो म्हणाला, "पांडुरंग. पण बांध माझाच आहे." मी विचारलं की तो हसण्यावारी नेतो. तुला तो खरं सांगेल असं वाटतं. विचारून मला सांग.

तुझी,
आई