पिंजऱ्यात वाढवलेल्या समुद्री माशांच्या अंगावरचे परजीवी कसे ओळखायचे? फोटोवरून कळतात का?

फोटोवरून नाही कळत. बर्फात घालून मेलेला मासा पाठवलात तरी बऱ्याचदा नाही कळत, आणि यावरून आमच्या घरात दोन वर्षं वाद चालू आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, रत्नागिरीजवळ खाडीच्या तोंडाशी पिंजऱ्यात जिताडा मासा वाढवतो. मे महिन्यात मासे जाळ्याला अंग घासायला लागले, डोळे पांढुरके झाले, खाणं सुटलं. दादाने चार मासे थर्माकोलच्या खोक्यात बर्फात घालून रात्रीच्या गाडीने पाठवले, मी पहाटे स्वारगेटला जाऊन खोका घेतला आणि लॅब उघडल्या उघडल्या नेऊन दिला. तिथे साध्या नळाच्या पाण्याच्या थेंबात स्लाईड केली, परजीवी नाहीत म्हणाले, बॅक्टेरिया आहे, आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. रिपोर्ट मीच दादाला फोनवर वाचून दाखवला.

घरी येऊन खोका धुवायला घेतला तर तळाच्या वितळलेल्या पाण्यात तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काहीतरी. आई म्हणाली, खवले असतील. एमएस्सीच्या वेळचा मायक्रोस्कोप काढला आणि एक कणी ठेवली: चपटा अंडाकृती किडा, पुढे दोन छोट्या वाट्या, मागे मोठी गोल चकती, चकतीत आकडे. नियोबेनेडेनिया, माशाच्या कातडीला चिकटणारा चपटा कृमी! खाऱ्या पाण्यात हा पारदर्शक, माशावर चिकटलेला असून दिसत नाही, गोड्या पाण्यात पांढरा पडून गळतो. म्हणजे बर्फ वितळला तसे किडे खाली उतरले आणि लॅबने तपासला नुसता मासा. लगेच फोन केला तर दादा म्हणाला, "तू पुण्यात बसून मला सांगणार का?" आठवड्यात निम्मा पिंजरा गेला. 2000 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये याच किड्याने जिताड्याच्या पिंजऱ्यांत सुमारे 50 टन मासे मारलेत, ही काही किरकोळ गोष्ट नाही.

तर मायक्रोस्कोप पिंजऱ्यापाशी न्या. आजारी पण जिवंत मासा घ्या, अंगावरचा चिकटा बोथट पातीने डोक्याकडून शेपटीकडे अलगद खरवडा, थेंब त्याच खाऱ्या पाण्याचा घ्या, गोड्या पाण्यात एकपेशीय परजीवी फुटून जातात. मोठा गोल, केसाळ, हळूहळू गरगरत असेल तर क्रिप्टोकॅरियॉन हा एकपेशीय परजीवी. त्याहून बारीक, एका जागी रुतलेला, अजिबात न हलणारा नासपतीच्या आकाराचा तपकिरी ठिपका असेल तर अमायलूडिनियम, हाही एकपेशीयच, त्यासाठी कल्ले बघाच. कॅलिगस, म्हणजे समुद्री माशांवरची ऊ, तर नुसत्या डोळ्यांनी अंगावर सरकताना दिसतो.

मायक्रोस्कोप नसेल तर बादलीत गोडं पाणी, हवेचा पंप चालू, मासा पाच मिनिटं, मग तळ बघा. हां, क्रिप्टोकॅरियॉन कातडीच्या आत असतो, तो असा गळत नाही, त्यामुळे तळाला काही नाही म्हणजे मासा चांगला असं समजू नका. आणि फार थकलेला मासा हे सोसत नाही.

किडे गळले तरी जाळं बदला. अंड्यांना लांब दोरे असतात, ती जाळ्यात गुंतून राहतात आणि काही दिवसांत पुन्हा तेच सुरू. हे मी दादाला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं.