फोनमधलं डेसिबल आणि कानातलं डेसिबल

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मालवणचे. बाबा तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर होते, आता त्यांना नीट ऐकू येत नाही. गेल्या वर्षी एका दुकानातून कानाचं मशीन घेतलं, दुकानदाराने कॉम्प्युटरला जोडून दहा मिनिटांत सेट करून दिलं. पण बाबा म्हणतात आवाज मोठा येतो, शब्द कळत नाहीत, आणि मशीन बहुतेक वेळ डबीतच असतं. आई म्हणते आता गजाली मारू कोणाबरोबर. मागच्या महिन्यात दुसरीकडे दाखवलं तर तिथल्या मॅडमनी मशीनसोबत कानात एक बारीक नळी घालून आवाज मोजला. ही नळी कशासाठी? आणि मी स्वतः आता बोटीवर इंजिनाजवळ असतो, फोनच्या अ‍ॅपवर ९५ डेसिबल दाखवतं, तो आकडा खरा धरायचा का?

उत्तर : दादा, नळी घालणाऱ्या मॅडमना आता सोडू नका, बाबांना तिथेच दाखवत राहा. का ते सांगते.

आवाज बाहेर जेवढा असतो तेवढाच कानाच्या पडद्यापाशी पोचतो असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. कानाची वाट साधारण अडीच सेंटीमीटर लांब, आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा एक ठरावीक सूर घुमतो, तसंच इथे होतं, ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आत जाईपर्यंत १५-२० डेसिबलने वाढतो. (हर्ट्झ म्हणजे सूर किती वरचा त्याचं माप, डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं.) आणि हे प्रत्येकाच्या कानात वेगळं, कोणाची वाट आखूड, कोणाची वाकडी, लहान मुलांची तर इतकी छोटी की तेच मशीन त्यांच्या कानात कितीतरी मोठं वाजतं.

दुकानातल्या कॉम्प्युटरला बाबांचा कान माहीत नसतो, तो सरासरी कान धरून सेटिंग करतो. मशीन तपासतात तेसुद्धा २ सीसीच्या एका धातूच्या पोकळीत. आता बाबांचं बघा, वर्षानुवर्षं इंजिनाजवळ काम केलेल्या माणसाचं ऐकणं बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी जातं. स्वर खालच्या पट्टीत असतात ते ऐकू येतात, व्यंजनं बरीचशी वरच्या पट्टीत असतात ती हरवतात. म्हणजे आई ताट म्हणाली, ताक म्हणाली की ताप म्हणाली, बाबांना नुसतं 'ता' ऐकू येतं. मग मशीनचा आवाज वाढवला की तो 'ता' आणखी मोठा होतो, शब्द काही कळत नाही. बाबा म्हणतात ते अगदी बरोबर आहे, त्यांना हट्टी म्हणू नका.

ती नळी म्हणजे प्रोब ट्यूब. मऊ सिलिकॉनची, जाडी मिलिमीटरभर, तिचं दुसरं टोक बाहेर मायक्रोफोनला जोडलेलं. नळीवर काळी खूण असते, मोठ्या माणसात ती आतल्या टोकापासून २८-३० मिलिमीटरवर ठेवायची आणि खूण कानाच्या बाहेरच्या खाचेशी येईपर्यंत नळी हळूहळू सरकवत न्यायची, तिचं टोक पडद्याच्या साधारण ५ मिलिमीटर अलीकडे थांबायला हवं. थोडी मागे राहिली तर वरच्या पट्टीचा आकडा चुकीचा कमी येतो, पुढे गेली तर पेशंट दचकून उठतो. मळ अडकला की नळी मुकी. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कानात ओल आणि बुरशी इतकी की मोजण्याआधी कान साफ आणि कोरडे करण्यातच अर्धा दिवस जातो. पण एवढं करून जो आकडा मिळतो तो त्या माणसाच्या पडद्यापाशी पोचणाऱ्या आवाजाचा असतो. गेल्या पावसाळ्यात एक तांडेल काका आले होते, स्क्रीनवर २००० हर्ट्झच्या पुढे रेघ पार खाली झुकलेली, तेवढाच भाग वर घेतला, तर काकूंच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बघून म्हणाले, ही एवढी वाजते? दोन आठवडे त्यांना त्या आवाजांचा त्रास झाला, मग सवय झाली, आणि आता मशीन कानातच असतं. माझं स्पष्ट मत आहे, जिथे कानात नळी घालून मोजत नाहीत तिथे महागडं मशीन घेऊ नका.

कानातला आवाज आतूनच नेमका पकडता यावा म्हणून सेन्सरवरही काम चाललंय, आणि ते मी अगदी आशेने बघते. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठ आणि तिथल्या इतर संस्थांच्या लोकांनी २०२४ मध्ये एक सेन्सर दाखवला, तांदळाच्या दाण्याएवढा, तो पडद्याच्या आतल्या बाजूला टेकतो. पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक आहे, ते वाकलं की वीज तयार होते, त्याचे दोन थर. साध्या बोलण्याने पडदा काही नॅनोमीटरच हलतो, एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि तेवढं पकडायचं! हे कॉक्लियर इम्प्लांटवाल्यांसाठी आहे, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात यंत्र बसवलेल्यांसाठी, त्यांचा मायक्रोफोन आज कानामागे बाहेर असतो, अंघोळीला झोपायला काढावा लागतो, समुद्रात पोहणं तर लांबच. मृतदेहातून घेतलेल्या कानांवर प्रयोग झालेत, पण शरीराच्या आत खारट ओलाव्यात वर्षानुवर्षं टिकणं हे मोठं काम बाकी आहे. आपल्या खाऱ्या हवेत कानामागची मशीनं कशी गंजतात ते बघितलं की ते किती अवघड आहे ते कळतं.

आता तुमचे ९५. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, इंजिनाची खालची घरघर बरेच फोन कापून टाकतात, आणि फार मोठा आवाज झाला की माईक तिथेच अडकतो. म्हणून तो अंदाज धरा, कदाचित खरा आवाज जास्तच असेल. पण अंदाज म्हणूनही तो वाईट आहे. कामगारांच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९४ ला एक तास. तुम्ही तिथे किती वेळ असता ते तुम्हीच मोजा. फोमचे इअरप्लग घ्या, पण नुसते तोंडाशी कोंबू नका. बोटांनी पिळून बारीक वात करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. प्लग घातल्यावर त्याच्या मागे किती आवाज पोचतो हेही मोजता येतं, छोट्या माईकची यंत्रं आहेत, बाबांना घेऊन जाल तेव्हा त्याच मॅडमना विचारा. आणि स्वतःचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या, बाबांसारखी तीस वर्षं थांबू नका.

प्रश्न : ताई, आमचं गाव गुहागरजवळ. बाळ दोन दिवसांचं असताना कानाची टेस्ट केली, कागदावर 'रिफर' आलंय. घरात सगळे रडतायत. बाळ बहिरं आहे का?

उत्तर : तसं लगेच धरू नकोस गं, रिफर म्हणजे फक्त पुन्हा तपासा. ही टेस्ट कशी चालते ते ऐक. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी कान स्वतःही आवाज काढतो. आतल्या पेशी नाचतात आणि त्याचा बारीकसा प्रतिध्वनी बाहेर येतो. बाळाच्या कानात ठेवलेला छोटा माईक तो पकडतो. पण तो इतका क्षीण असतो की पहिल्या दोन-तीन दिवसांत कानात पातळसर चिकट काही राहिलं, बाळ चोखत असेल, किंवा छपराच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असेल, तरी तो सापडत नाही. तुझं बाळ पावसात झालं का? दोन आठवड्यांनी शांत खोलीत, दूध पाजून झोपवल्यावर पुन्हा कर. परत रिफर आलं तर बेरा करायची, त्यात कानापासून मेंदूपर्यंतचा सिग्नल बघतात. महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेव. आणि कोणी म्हणालं की थाळी वाजवली तर बाळ दचकतं, मग ठीकच आहे, तरी त्यावर थांबू नकोस, खालचा आवाज ऐकू येतो आणि वरचा येत नाही अशी बाळंही थाळीला दचकतात.