मराठी-इंग्रजी पाट्या : आधी दिवा आणि बाण काढून टाका

तुमची पोस्ट वाचली आणि आमची जुनी फाईल डोळ्यांपुढे आली. तुमचं उपनगरातलं चर्च, भोवती चाळी आणि नवे टॉवर, फाटकावर वर्षानुवर्षं फक्त इंग्रजी बोर्ड. शेजाऱ्यांना आत यावंसं वाटावं म्हणून पॅरिश कौन्सिलने (चर्चचा कारभार बघणाऱ्या सभासदांच्या मंडळाने) दोन भाषांत पाट्या करायचं ठरवलं, पाट्या बनून आल्या, आणि आता पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून सांगताहेत की लायसन्स लागेल. थोड्याफार फरकाने हेच आम्ही भोगलंय. कौन्सिलचा ठराव, फादरांची सही, ट्रस्टची लेखी संमती हे सगळं तुमच्याकडे असेलच असं धरतो.

मी वकील नाही. एका वॉर्डात जे घडलं ते सांगतोय. तुमच्या साहेबांचा मूड वेगळा असू शकतो.

खाली प्रतिसादात कुणीतरी 'कायद्याने मराठी पाटी सक्तीचीच आहे, परवानगी कसली मागता' असं लिहिलंय. तो नियम दुकानं आणि आस्थापनांचा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही त्यात आली, मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नसावीत असं ठरलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर रातोरात बोर्ड बदलले ते तुम्ही पाहिलंच असेल. प्रार्थनास्थळाने स्वतःहून लावलेल्या स्वागताच्या पाटीसाठी तो नियम हातात धरून काउंटरवर वाद घालू नका. आमच्या एका उत्साही सदस्याने घातला होता. पलीकडच्या माणसाने शांतपणे आमची फाईल ढिगाच्या तळाशी सरकवली.

आता मुख्य दुखणं. आमच्या एकाच अर्जात तीन गोष्टी होत्या : फाटकाच्या भिंतीवर मोठी पाटी, तिच्या आत एलईडी, आणि गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर 'चर्चकडे' असा बाण. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथल्या टेबलावर आतून उजेड पडणारी पाटी म्हणजे 'जाहिरात' असं ठरलं. आम्ही विकतो काय, असं विचारलं तर उत्तर 'ते आम्ही बघायचं नसतं'. त्यात मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली. त्यानंतर कुणीही कशावरही सही करायला घाबरत होतं, आणि ती भीती मला समजते. पण म्हणून दगडी भिंतीला चार बोल्टने बसवलेल्या, माणसाच्या उंचीएवढ्याही नसलेल्या पाटीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला? तोही दिला. मग बाणाची पाळी. वाहतूक पोलिसांची एनओसी आणा म्हणाले. चौकीत म्हणाले, फुटपाथ पालिकेचा, आधी त्यांचं पत्र आणा. हे पत्र नाही म्हणून ते पत्र नाही. आणि यातलं एक अक्षरही कुणी कागदावर देईना. सगळं तोंडी! 'साहेब साइटवर गेलेत', 'पुढच्या आठवड्यात बघू', 'नवीन साहेब येणारेत'. तोवर पाट्या सॅक्रिस्टीत (वेदीशेजारच्या सामानाच्या खोलीत) भिंतीला टेकून पडलेल्या, फॅब्रिकेटर बाकीच्या पैशांसाठी दर रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) दारात उभा, आणि कौन्सिलमध्ये 'मराठीचा हट्ट धरला म्हणून हे झालं' अशी कुजबुज. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे शेवटचं. अडलं होतं दिव्यामुळे आणि बाणामुळे, बोल लागला मराठीला.

सुटलं कसं ते सांगतो. बाण रद्द केला. दिवा रद्द केला. भिंतीवर आधीपासून असलेला बल्ब पुरेसा उजेड देतो. उरलेल्या पाटीचा वेगळा, एका पानाचा अर्ज केला : स्वतःच्या आवारात, स्वतःच्या भिंतीवर, संस्थेचं नाव आणि वेळा, व्यावसायिक मजकूर नाही, सोबत फोटो आणि मापं. आवक विभागात देऊन शिक्का आणि नंबर असलेली पोच घेतली. आणि जुन्या अर्जावर माहिती अधिकारात विचारलं : अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे, कोणत्या नियमाने अडवला आहे, त्या नियमाची प्रत द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक. उत्तर आलं ते अर्धवटच होतं, पण ते यायच्या आधीच त्याच टेबलावरून फोन आला की भिंतीवरच्या पाटीला आमची हरकत नाही. मी म्हटलं, लेखी द्या. दिलं. तुमच्याही पोस्टमध्ये 'ग्लो साइन', म्हणजे आतून उजळणारी पाटी, हा शब्द दिसला, म्हणून हे एवढं लांबवलं. इमारत हेरिटेज यादीत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तिथे दर्शनी भिंतीला हात लावण्याआधी हेरिटेज समितीचं बघा.

आता मजकूर. नुसतं 'सर्वांचे स्वागत' लिहून भागत नाही. फाटकाला कुलूप आणि वर स्वागत, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. शेजारच्या माणसाचे प्रश्न साधे असतात : आत कुणीही येऊ शकतं का, कधी उघडं असतं, चपला काढायच्या का, मेणबत्ती कुठे लावायची, फोटो काढले तर चालतील का. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला (नवसाच्या प्रार्थनेला) किंवा सप्टेंबरात वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसं येतात, तिथे हे कुणाला वाचावं लागत नाही, पुढच्याचं बघून मागचा करतो. आपल्या लहान चर्चमध्ये मंगळवारी दुपारी एकटी आलेली बाई कुणाचं बघणार? तिच्यासाठी लिहा. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर) सगळ्यांना दिला जात नाही, त्याबद्दलही एक सभ्य वाक्य आत, बाकांजवळ असू द्या, म्हणजे पाहुणा रांगेत उभा राहून अवघडत नाही. फाटकावर ते नको. फाटकावर बायबलचं वचनही नको, हे माझं मत. काहींना पटणार नाही. हल्ली लोक लगेच वेगळा अर्थ काढतात. 'प्रार्थनेसाठी किंवा घटकाभर शांत बसण्यासाठी या' एवढं पुरतं. आणि देणगीचा क्यूआर कोड स्वागताच्या पाटीवर कृपा करून टाकू नका.

मराठी मजकूर इंग्रजीवरून उतरवून घेऊ नका. वसईकडचं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून तपासून घ्या. तिकडे मराठीत मिस्सा ऐकत वाढलेली माणसं आहेत, कान तयार असतो. आमच्या कौन्सिलमध्ये 'मराठी बाहेरच्यांसाठी' म्हणणारे होते, आणि मागच्या बाकावर बसलेल्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या) आजी घरात मराठीच बोलत होत्या. असो.

प्रूफ छापलेल्या कागदावर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. पाटीवाल्याकडे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते, त्यात युनिकोडमधून आणलेला मजकूर फुटतो : पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार गायब होतो, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात तेही बघा. दोन्ही भाषांना एकच पॉइंट साइज दिला तर देवनागरी बारीक दिसते, कारण वेलांटी-मात्रा-उकार त्यातच बसवायचे असतात. डोळ्याला सारखं दिसेपर्यंत मराठी मोठी करा आणि रस्त्याच्या पलीकडून वाचून बघा. तुमच्या फोटोत मराठी ओळ खाली, बारीक आणि तिरकी आहे. शेजाऱ्यांसाठीच पाटी आहे ना? मग ती वर घ्या.

फ्लेक्स नको. विनाइल चिकटवलेली पाटी स्वस्त पडते, पण पश्चिमेचं ऊन लागलं की लाल रंग आधी जातो. स्टीलची कापलेली अक्षरं किंवा दगडात कोरून रंग भरलेली घ्या. महाग आहे. वेळा मात्र त्यावर कोरू नका. मिस्सेच्या वेळा बदलतात. त्यासाठी खाली वेगळी, स्क्रू काढून बदलता येणारी छोटी पट्टी ठेवा.

तुमच्या तयार पाटीतून एलईडी काढता येत असेल तर फॅब्रिकेटरशी आजच बोला. मागचा डबा काढून पुढचा पत्रा सपाट बसतो बहुतेक वेळा. अर्जाचा आमचा नमुना हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, नावं खोडून पाठवतो.