सड्यावरच्या माणसांना सरण कुठून मिळणार?

प्रश्न : ताई, मी एक अद्भुत कादंबरी लिहितोय. झाडं नसलेल्या उंच कातळ पठारावर राहणारी माणसं, त्यांचा राजा, त्यांची भाषा, सगळं जग नव्यानं उभं केलंय. या जगात मेलेली माणसं अमावास्येला उठून घरी येऊ शकतात. तिसऱ्या प्रकरणात म्हातारा राजा जातो आणि त्याला चंदनाच्या चितेवर अग्नी देतात. मित्रांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, ‘हे आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं.’ अंत्यविधी वेगळा, आणि तरीही खरा कसा वाटेल?
एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. साताऱ्याचे आहात, म्हणजे कासचा सडा, ते कातळाचं पठार, पाहिलेला असणार. जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम, कुठे तर तोही नाही. तुमचं पठार मला तसंच दिसलं. एका सरणाला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं. झाडच नाही, तर चंदन आलं कुठून? दरीतून वर आणलं असेल तर किती माणसांनी वाहिलं, आणि तोवर राजाचं प्रेत कुठे ठेवलं होतं? त्याच आठवड्यात एखादा गुराखी गेला असेल, तर त्याचं काय केलं? तुमचा विधी या प्रश्नांतून निघेल.

खणायला माती नाही, जाळायला लाकूड नाही, दगड मात्र हवा तेवढा. अशी माणसं दगड रचतील. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, एकदा जाऊन या. दफनाच्या जागेभोवती मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेत आणि काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेत. नाहीतर तुमची माणसं प्रेत गिधाडांना देतील. तिबेटातही लाकूड दुर्मीळ आणि जमीन खडकाळ, तिथे ही रीत आहे. पण गिधाडं घेतलीत, तर गिधाडं संपण्याची गोष्टही हाती येते. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाची डुंगरवाडी आहे, तिथे प्रेतं गिधाडांसाठी ठेवत. डायक्लोफिनॅक हे गुरांना टोचायचं औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभरची गिधाडं झपाट्यानं मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण आकाश रिकामंच राहिलं. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवावी लागली, काही कुटुंबं दहनाकडे वळली, समाजात कडाक्याचे वाद झाले. एका पक्ष्याच्या जाण्यानं घराघरांत काय होतं, यावर तुमचं अख्खं प्रकरण उभं राहील.

आता परत येणाऱ्या मृतांचं. यासाठी मी तुम्हाला शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला नेते. तिथली वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 अशी तिथे खोदाई केली. मोठी माणसं पुरलेली सापडली, ती बहुतेक घोट्याखाली पाय तोडून. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून तसं करत असावेत, असा एक अर्थ लावला जातो. तुमच्या अमावास्येची भीती इथे खरीखुरी मातीत आहे! पण त्याच वस्तीत लहान मुलं कशी पुरली, तेही पाहा. दोन घागरी आडव्या, तोंडाला तोंड लावून, आत मूल, आणि तो खड्डा राहत्या घराच्या जमिनीत. विद्यार्थी असताना मी त्या घागरींसमोर बराच वेळ उभी राहिले होते. वरून जमीन सारवली असेल, आईनं तिथेच चूल पेटवली असेल, हेच डोक्यातून जात नव्हतं. मोठ्या माणसाची भीती वाटते, मुलाची वाटत नाही, त्याला जवळ ठेवायचं असतं. तुमच्या पठारावरही असाच भेद ठेवा. कुणाच्या वाटेवर काटे पसरतात आणि कुणासाठी दार उघडं ठेवतात, एवढं लिहिलंत तरी पुरे.

माझी आजी गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ज्या खड्यानं मडक्याला भोक पाडलं तो जीवखडा काकांनी स्मशानातून परत आणला. सुपारीएवढा, काळा. कापडात बांधून परसातल्या पेरूच्या फांदीला टांगला. दहा दिवस आम्ही मुलं त्या झाडाखालून गेलो नाही, कुणी सांगितलं नव्हतं तरी. एका रात्री परातीत पीठ पसरून वर टोपली पालथी घातली, शेजारी दिवा ठेवला. सकाळी आत्याला पिठावर चिमणीचं पाऊल दिसलं, आईला काहीच दिसलं नाही. दोघी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. आत्यानं पीठ हलक्या हातानं गोळा केलं. शेजारच्या काकूंनी आणलेलं पिठलं-भात सगळे खाली मान घालून जेवले. गुरुजींचे मंत्र मला आज आठवत नाहीत. ती परात आठवते.

तुमच्या मसुद्यात पुरोहिताचं दीड पानाचं भाषण असेल, असा माझा अंदाज आहे. ते काढा. रीत पाळणारी माणसं ती समजावून सांगत नाहीत, करून मोकळी होतात. पाणी कोण भरतं, प्रेताला आंघोळ कोण घालतं, कुणाला दारातच थांबवतात, ते दाखवा.

आणि एखादं माणूस ती रीत नाकारणारंही हवं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. माझ्या आजीच्या वेळी असं गाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तुमच्या राजाच्या राणीचं काय होतं, ते पत्रात कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त तेच वाचायचंय. तिसरं प्रकरण तिच्या डोळ्यांनी पुन्हा लिहा आणि पहिल्या अमावास्येच्या रात्री ती दाराला कडी घालते की नाही, ते मला कळवा.