दोघांनी सेवेवर जाताना: पहिला आठवडा

लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती चर्चमध्ये ज्येष्ठ जोडपी 6 ते 23 महिन्यांच्या मिशनरी सेवेवर जातात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळं उरकायला धावू नका. तरुण मिशनऱ्यांचं काटेकोर वेळापत्रक तुम्हाला लागू नाही, दारोदार फिरायचीही सक्ती नसते. कार्यालयातली कागदपत्रं, तरुणांच्या खोल्यांची पाहणी ही कामं सहज जमतात. अवघड असतं ते चर्चला यायचं थांबलेल्यांच्या घरी जाऊन बसणं. तिथे उपदेश नको, नुसतं ऐका. आपल्या चर्चमध्ये चहा वर्ज्य, म्हणून चहाला नाही म्हणावं लागलं तरी हसून म्हणा.

तयारीच्या दिवशी, म्हणजे घरकामासाठी मिळणाऱ्या आठवड्याच्या मोकळ्या दिवशी, आधी कपडे धुवा, मगच भटकायला निघा. आम्ही उलटं केलं आणि दुसऱ्या दिवशी ओलसर शर्टात कार्यालय गाठलं! सहल मात्र गुडघ्यांना विचारूनच ठरवा. खर्चही आपल्याच खिशातून असतो.